पहिला आठवडा आणि त्यानंतरचे महिने
टप्प्याटप्प्याच्या शुद्धी-आहारांची शिळफाट्यावरून केलेली तुलना

सात दिवसांत पाच ते आठ किलो. वजन उतरवण्याचे जेवढे तक्ते मराठी घरांतून फिरले, त्यांतल्या ‘जीएम डाएट’ची ओळख या एका आश्वासनामुळे झाली. पूर्वी तो झेरॉक्सवर मिळायचा, आता मोबाइलवर येतो. पहिल्या दिवशी केळी सोडून बाकीची फळे, दुसऱ्या दिवशी सकाळी उकडलेला बटाटा आणि मग दिवसभर भाज्या, तिसऱ्या दिवशी फळे आणि भाज्या दोन्ही, चौथ्या दिवशी केळी आणि दूध. पाचव्या दिवसापासून टोमॅटो आणि मूळ तक्त्यातल्या मांसाऐवजी आपल्याकडे पनीर, मोड आलेली कडधान्ये किंवा वाटीभर भात. सातव्या दिवशी तक्ता संपतो. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीने १९८५ मध्ये आपल्या कामगारांसाठी तो तयार करून घेतला, असे त्याच्याबरोबर सांगितले जाते. या कथेला भरवशाचा आधार नाही. तरीही ती टिकली, कारण सात दिवसांनी काटा खरोखरच खाली आलेला दिसतो.

काटा खाली येतो, पण नेमके काय कमी होते? शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एखाद्याने रोज तब्बल १,००० कॅलरी कमी खाल्ल्या तरी आठवड्याची तूट ७,००० कॅलरींची होते. म्हणजे चरबी किलोभरही उतरत नाही. उरलेली घट येते कुठून? यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपात साखरेचा साठा असतो. प्रौढ माणसात तो अर्ध्या किलोच्या आसपास भरतो आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. भात-पोळी थांबली की दोन-तीन दिवसांत हा साठा बराचसा रिकामा होतो आणि त्याच्याबरोबरचे पाणी बाहेर पडते. मीठ कमी झाले की आणखी थोडे पाणी जाते, आतड्यातला मळही घटतो. आठव्या दिवशी घरी नेहमीचे जेवण सुरू झाले की यातले बहुतेक सगळे चार दिवसांत परत येते. माणसाला मात्र वाटते की आपलाच निग्रह कमी पडला.

या पुस्तकाचा विषय म्हणजे असे टप्प्याटप्प्याचे आहार. रसाहाराचे उपक्रम, फळे-भाज्यांचे आठवडे, पंचकर्मानंतरचे पथ्य, निसर्गोपचारातला उपवास, ॲटकिन्स आणि ड्यूकनसारखे परदेशी आहार, शिवाय डॉक्टरांच्या देखरेखीखालचे अलीकडचे प्रयोग या सगळ्यांची इथे शेजारी शेजारी ठेवून तुलना केली आहे. ती करताना नजरेसमोर एक ठरावीक जागा ठेवली आहे: खोपोलीतला शिळफाटा. मुंब्र्याजवळचा प्रसिद्ध शिळफाटा वेगळा; हा खालापूर तालुक्यातला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा.

ही जागा निवडण्याला कारण आहे. बोरघाट चढण्याआधी गाड्या या पट्ट्यात थांबतात आणि थांबल्या की काहीतरी खाल्ले जाते. खोपोलीत रमाकांतचा वडा, कर्जत स्टेशनात दिवाडकरांचा वडा. इथून गेलेल्या प्रवाशाला ही नावे सांगावी लागत नाहीत. द्रुतगती महामार्गावर खालापूरचे फूड मॉल आहेत. १९१५ पासून टाटांचे जलविद्युत केंद्र असलेल्या खोपोलीत पुढे पोलादाचे आणि इतर कारखाने आले, त्यांच्याबरोबर तीन पाळ्यांची नोकरी आली, आणि रात्री दोन वाजता डबा उघडणारी माणसेही आली. शनिवार-रविवारी मुंबईकर कर्जतच्या फार्महाऊसवर आणि रिसॉर्टवर उतरतात. त्यांतले काही विश्रांती आणि ‘शुद्धी’ एकत्र शोधत असतात. आणि याच खालापूर-कर्जत तालुक्यांत ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, आणि कर्जतमधले बालकुपोषण हा अंगणवाडी सेविकांच्या आणि सामाजिक संस्थांच्या रोजच्या कामाचा विषय आहे.

हे चित्र राज्याच्या आकड्यांशी जुळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के स्त्रिया आणि २४.७ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. त्याच पाहणीत २०.८ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते, आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. म्हणून वजन घटवण्यावरचे कोणतेही पुस्तक इथे सरसकट सगळ्यांसाठी असू शकत नाही. कुणी अन्न कमी करायचे आणि कुणाच्या ताटात ते वाढायला हवे, हा प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही.

वजनाच्या काट्यावरही फार विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हडकुळ्या दिसणाऱ्या भारतीय शरीरातही पोटाभोवती चरबी साठते आणि ती मधुमेहाकडे नेते, हे त्या एका छायाचित्राने जगाला समजावले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि ३९.५ टक्क्यांच्या पोटाभोवती जादा चरबी आहे. म्हणून भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे डॉक्टर सांगतात. सात दिवसांत गेलेले पाणी या घेरात फारसा फरक पाडत नाही.

मग ‘शुद्धी’ची गरज आहे की नाही? शरीर हे काम स्वतः करते, आणि तेही टप्प्यांनी. यकृत पहिल्या टप्प्यात औषधे, मद्य आणि नकोशी रसायने यांच्या रेणूंत बदल घडवते. दुसऱ्या टप्प्यात त्यांना ग्लायसीन, सल्फेट, ग्लुटाथायोन अशा घटकांची जोड देऊन पाण्यात विरघळण्याजोगे करते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला फार थोडा मूत्र म्हणून बाहेर टाकतात. यकृताच्या दुसऱ्या टप्प्याला लागणारे घटक बऱ्याच अंशी प्रथिनांतून मिळतात, आणि निव्वळ रसांच्या आहारात नेमकी प्रथिनेच कमी असतात. २०१५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या क्लाइन आणि किआत या संशोधकांनी बाजारातल्या डिटॉक्स आहारांवरचे अभ्यास तपासले. हे आहार शरीरातली विषे काढतात किंवा वजन टिकाऊपणे घटवतात, असे दाखवणारी एकही काटेकोर तुलनात्मक चाचणी त्यांना सापडली नाही.

रसांचे धोकेही खरे आहेत. दुधीचा रस वजनासाठी आणि हृदयासाठी म्हणून रिकाम्या पोटी पिण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. त्यांनी उलट्या होतात, रक्तस्राव होतो आणि रक्तदाब झपाट्याने घसरतो. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा मृत्यू झाल्यावर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. रस कडू लागला तर एक घोटही पिऊ नये, त्यात दुसरा रस मिसळू नये आणि त्रास झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, असा सल्ला या समितीने दिला. तरीही २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात एका महिलेचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला. रस काढण्याआधी दुधीचा एक तुकडा चाखून पाहणे, एवढीच खबरदारी घ्यायची असते.

टप्प्यांची कल्पना आपल्याला नवीन नाही. चातुर्मासात श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात डाळी वर्ज्य करण्याचा नेम जुन्या घरांत अजूनही पाळला जातो. त्यामागचा हेतू वजन हा नव्हता. पण एका वेळी एकच गट सोडायचा, बाकीचे ताट चालू ठेवायचे आणि महिना संपला की तो गट परत आणायचा, ही रचना मात्र मोलाची आहे. संकष्टीचा उपवास त्याहून वेगळा. खालापूरजवळच्या महडच्या वरदविनायकाला जाऊन आल्यावर साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि वऱ्याचे तांदूळ असे ताट समोर आले, तर कॅलरी रोजच्याइतक्या किंवा जास्तच होतात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. व्रताच्या भावनेला याने काही बाध येत नाही. मात्र वजनाच्या हिशेबात या दिवसाला उपवास म्हणून धरता येत नाही.

सगळ्यांत बारकाईने रचलेले टप्पे आयुर्वेदात सापडतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही विचार एकाच अध्यायात येतो. स्थूल माणसाला जड पण पोषण कमी करणारे अन्न द्यावे, असे चरक सांगतात. जव, मूग, कुळीथ यांना त्यात जागा आहे. भुकेने माणूस हैराण होऊ नये आणि तरीही अंग भरू नये, हा त्यामागचा विचार आजच्या तंतुमय आहाराच्या विचारापासून फार दूर नाही. वमन-विरेचनासारख्या शोधनानंतर तर आहाराचा एक क्रमच दिला आहे, त्याला संसर्जनक्रम म्हणतात. आधी पेया म्हणजे तांदळाची पातळ पेज, मग घट्ट विलेपी, मग मीठ-स्निग्धाशिवाय मुगाचे कढण, मग संस्कार केलेले कढण, आणि शेवटी नेहमीचे जेवण. शोधन जेवढे जोरकस, तेवढा परतीचा प्रवास लांब: तीन, पाच किंवा सात दिवस. लहानशा विस्तवाला आधी गवत, मग शेणी घालून तो हळूहळू मोठा करावा, तसा शोधनानंतरचा जठराग्नी पेयेपासून वाढवावा, असे त्यामागचे कारण चरकांनी दिले आहे.

या क्रमाने आधुनिक अर्थाने चरबी किती उतरते, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा पुढच्या प्रकरणात आहे. इथे लक्ष वेधायचे ते एका गोष्टीकडे. या रचनेत बाहेर काढण्याइतकेच महत्त्व परत जेवणावर येण्याला दिलेले आहे. जीएमच्या तक्त्यात परतीचा टप्पाच नाही.

परतीचा टप्पा चुकला तर काय होते, हे विसाव्या शतकाने कटु मार्गाने शिकवले. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. ते चिडचिडे झाले, थंडीने कुडकुडू लागले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. पुन्हा मनसोक्त खायला मिळाल्यावर अनेकांची भूक पोट भरूनही शमेना, आणि चरबी आधीपेक्षाही वाढली. युद्धकैद्यांना एकदम भरपेट जेवण दिल्यावर काहींचे मृत्यू झाले, तेव्हा दीर्घ उपासमारीनंतर एकदम खाऊ घालण्याचा धोका डॉक्टरांच्या ध्यानात आला. आठवडाभराच्या आहारात इतके टोक गाठले जात नाही; पण अति कमी खाल्ल्यानंतर भूक सूड उगवल्यासारखी परत येते, हा अनुभव कारखान्यातल्या पाळीवाल्यालाही येतो.

निसर्गोपचाराची परंपरा महाराष्ट्रात खोल गेलेली आहे. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे नेचर क्युअर क्लिनिक होते. गांधीजी तिथे राहत. आज त्याच जागी केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला गेले, खेड्यातल्या रुग्णांवर त्यांनी स्वतः उपचार केले, आणि पुढे मणिभाई देसाई यांनी तिथला निसर्गोपचार आश्रम उभा केला. अशा केंद्रांतला साधारण क्रम असा: काही दिवस रस, मग फळे, मग उकडलेल्या भाज्या आणि भाकरी, जोडीला माती, पाणी, चालणे, योगासने. खोपोलीच्या डोक्यावर, घाटमाथ्यावर लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले. योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची वाट त्यांनी घालून दिली. या केंद्रांत राहून आलेल्यांना बरे वाटते, यात शंका नाही. वेळेवर झोप, तळणाचा आणि मद्याचा अभाव, रोजचे चालणे आणि काळजी घेणारी माणसे, एवढे एकत्र मिळाल्यावर बरे वाटणारच. प्रश्न उरतो तो यातले नेमके काय घरी नेता येते, हा.

परदेशी आहारांत टप्प्यांना नावेही देखणी असतात. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या १९७२ च्या पुस्तकाने पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद करणारा दोन आठवड्यांचा पहिला टप्पा लोकप्रिय केला. फ्रान्सच्या पिएर ड्यूकन यांनी चार टप्पे मांडले. त्यातल्या तिसऱ्यात घटलेल्या दर किलोमागे दहा दिवस हळूहळू ब्रेड, फळे, चीज परत आणायचे असते. परतीला इतके दिवस देणे ही त्या आहाराची जमेची बाजू. केवळ प्रथिनांवर ठेवणारा पहिला टप्पा ही कच्ची बाजू. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये अशा आहारांच्या धोक्यांबद्दल इशारा दिला होता.

या सगळ्यांत सर्वांत भक्कम पुरावा मिळाला तो ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीतून. मधुमेह असलेल्या ३०६ जणांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५३ कॅलरींचे सूप आणि शेक दिले गेले. मग दोन ते आठ आठवड्यांत नेहमीचे अन्न पायरीपायरीने परत आणले, आणि त्यानंतरही महिन्यामागून महिने भेटी चालू ठेवल्या. वर्षाअखेर यांतल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. दोन वर्षांनी पहिल्या गटातला आकडा ३६ टक्क्यांवर आला. इथेही टप्पे आहेत, पहिला टप्पा अत्यंत कडक आहे. पण मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, नर्स किंवा आहारतज्ज्ञ सतत सोबत होते, आणि कार्यक्रमाचा सर्वांत लांब भाग वजन राखण्याचा होता.

महाराष्ट्रात गेल्या दशकात सर्वाधिक चर्चा झाली ती टप्पे नसलेल्या एका पद्धतीची. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेलेली ही पद्धत दिवसातून दोनदा, कडक भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगते. शिवाय ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायला. ऋजुता दिवेकर यांनी त्याच काळात स्थानिक, हंगामी, घरचे अन्न थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा आग्रह धरला. दोन्ही बाजूंचे लोक आवेशाने भांडले. त्या वादातून एक चांगले घडले: वजनाचा विषय सात दिवसांच्या तक्त्यांतून बाहेर येऊन रोजच्या ताटापाशी पोहोचला.

म्हणून पुढच्या प्रकरणांत प्रत्येक आहाराला चारच प्रश्न विचारले आहेत. पहिल्या टप्प्यात चरबी जाते की पाणी? तो किती दिवस चालतो, आणि कुणाच्या देखरेखीखाली? नेहमीच्या जेवणावर परत कसे आणले जाते? आणि शेवटचा टप्पा माणूस आपल्या गावात, आपल्या पगारात, वर्षभर जगू शकतो का?

चौथ्या प्रश्नाच्या बाबतीत शिळफाटा फार समृद्ध आहे. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या ‘कर्जत’ नावाच्या भातजाती रायगडभर पिकतात. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर कडवे वाल येतात. हिवाळ्यात भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लागते, वर्षभर बिरडे शिजते. डोंगरउतारावरच्या नाचणीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पहिल्या पावसात ठाकर-कातकरी बाया बाजारात शेवळे आणतात, आणि त्यांच्याबरोबर शेवळांची खाज मारणारी काकडेही. मग टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली येतात. सुकट आणि बोंबील स्वस्तात प्रथिने देतात. तांदळाच्या दोन भाकऱ्यांऐवजी एक, वालाचे बिरडे दीड वाटी, पालेभाजी भरपूर आणि ताक, असे ताट वजन राखण्याच्या टप्प्याला पुरते, आणि त्यासाठी कुठलेही पाकीट विकत घ्यावे लागत नाही.

रात्रपाळीच्या कामगाराचा विचार वेगळा करावा लागतो. त्याचे मुख्य जेवण पाळीला जाण्यापूर्वी व्हावे, मध्यरात्री हलके काही असावे, आणि पहाटे सुटल्यावर वडापावऐवजी घरी जाऊन झोपण्याआधी थोडेच खावे. ट्रकचालकाला रसाहाराचा पहिला टप्पा धोक्याचाच आहे. घाटात चक्कर येणे परवडणारे नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपवास केला तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचा विकार असलेले, वाढत्या वयाची मुले यांनी कोणताही कडक टप्पा घेऊ नये. वजन फार वेगाने उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, हेही लक्षात ठेवावे.

आणि वाडीवरच्या ज्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीताई पट्टीने मोजतात, त्याच्यासाठी या पुस्तकातले एकच प्रकरण आहे, शेवटचे. त्यात वाल, नाचणी, सुकट आणि तेल यांनी वजन वाढवण्याचे टप्पे दिले आहेत. वजन घटवू पाहणाऱ्याने वाचायला सुरुवात करावी ती ‘परतीचा टप्पा’ या प्रकरणापासून. त्याआधी कमरेचा घेर मोजावा, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा) आणि रक्तदाब तपासून घ्यावा, चालू असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, आणि आपल्या घरात आठवडाभर खरोखर काय शिजते ते एका कागदावर लिहून काढावे. पुढची सगळी तुलना त्या कागदाशी ताडून वाचायची आहे.